शांतिसेना माळवस्तीवर पाठवण्याबाबत

माळवस्ती, मु. पो. थोरली टाकळी,
ता. शिरूर कासार, जि. बीड

आदरणीय जावईबापू अभिमन्यूराव यांना सासरे भगवानराव यांचा दोन्ही हात जोडून रामराम.

तुमची प्रकृती चांगली असेल. दक्षिण सुदानात ऊन आपल्यासारखंच आहे असं आमच्या वर्षाराणीने सांगितलं, म्हणजे करमत असेल. निळं हेल्मेट घातलेला तुमचा फोटो तुमच्या सासूबाईंनी देवळीत ठेवला आहे (खंडोबाच्या खालच्या अंगाला, मान राखून). इकडे सर्व क्षेम आहे. माझा धाकटा भाऊ धुळाजी तेवढा बीडला दवाखान्यात पडून आहे, डोक्याला मार आहे, डोळे उघडत नाही. बाकी काळजी नसावी. फोन न करता कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतो आहे, कारण फोनवर माझा आवाज चढेल, आणि मुलीकडच्या माणसाने आवाज चढवणं आपल्यात बसत नाही.

तर विषय आमच्या स्वातंत्र्याचा. तुम्हाला ठाऊकच आहे, माळवस्ती टाकळीच्या ग्रामपंचायतीत आहे आणि टाकळीचे सरपंच म्हणजे तुमचे पूज्य वडील, आमचे व्याही आप्पाराव. त्यांच्याबद्दल वावगा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही. नळाची पाइपलाइन टाकळीच्या वेशीपर्यंत आली आणि तिथे दमली, हा पाइपलाइनचा दोष. आमचा रस्ता कागदावर दोनदा झाला (दुसऱ्या वेळी पहिल्याची दुरुस्ती निघाली, म्हणजे आम्ही तो वापरून झिजवला असणार). टँकर येतो तो टाकळीत रिकामा होतो, आणि आमच्या बायका ओढा ओलांडून त्याचं दर्शन घेऊन येतात. म्हणून धुळाजीने अर्ज केला की वस्तीची ग्रामपंचायत वेगळी करा. त्याला वाटलं, यात कुणाला राग येण्यासारखं काय आहे? माझा भाऊ पहिल्यापासूनच भोळा.

व्याह्यांनी अर्ज वर्षभर जपून ठेवला आणि मोठ्या मनाने सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत घेतला. दिवाळी झाली की आमची अख्खी वस्ती ऊसतोडीला जाते. मागे उरतात म्हातारी माणसं, कोंबड्या आणि आम्ही दोघे भाऊ. म्हणजे ठरावावर हात वर करायला कोण, तर ज्यांचे हात खांद्याच्या वर जात नाहीत ते. धुळाजीने यावर युक्ती काढली. कर्नाटकात उसाच्या फडावर असलेल्या आमच्या टोळीला त्याने भर सभेत व्हिडिओ कॉल लावला आणि फोन सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. ग्रामसेवकाने विचारलं, बाजूने कोण? फोनमधून एकच गलका झाला, "आमी हाव की! आमचे बी हात धरा!" आणि सगळ्यांनी हात वर केले.

इथे घात झाला. तोड चालू असताना माणूस कोयता खाली ठेवत नाही, पाचटात पडला की सापडत नाही. हात वर गेला तो कोयत्यासकट गेला. आम्हाला त्यात काही वाटलं नाही, आमच्या डोळ्यांना तो हातच दिसतो. पण एवढ्याशा पडद्यावर ऊस कमी आणि कोयतेच जास्त दिसले. तुमचे पूज्य वडील उठून म्हणाले, "बघा, भर सभेत हत्यारं दावतेत!" आणि त्यांच्या मर्जीतले चौघे जण हत्यारं जप्त करायला शाळेच्या ओट्यावरून खाली उतरले. हत्यारं कर्नाटकात. मग हाताशी जे होतं त्याच्यावर काठ्या चालवाव्या लागल्या. हाताशी धुळाजी होता.

फोन धुळीत पडला तरी चालूच होता. आतून धुळाजीचा मुलगा शहादेव "आबा, ओ आबा" म्हणून ओरडत होता, आणि फडावरची सगळी माणसं त्या पडद्यातून आभाळ बघत उभी होती. शेवटी मी फोन उचलला आणि सांगितलं, आबा ठीक हाय, तू तोड सोडून येऊ नको. अभिमन्यूराव, ते सांगताना माझ्या धोतरावर माझ्या भावाचं रक्त होतं. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नाही.

पोलिसांचं काम मात्र चोख. धुळाजी ओट्यावरून पडला अशी नोंद झाली आणि हत्यारबंद जमाव जमवला म्हणून वस्तीवर तक्रार आली (त्या जमावात फोनमधली माणसंही धरली आहेत, त्यांचे हात मतदानाला चालले नाहीत, गुन्ह्याला चालले). साक्षीदार विचारायला गेलो तर टाकळीतला प्रत्येक जण म्हणतो, आम्ही झेंड्याकडे बघत होतो. एवढं देशप्रेम मी जन्मात पाहिलं नव्हतं.

म्हणून तुम्हाला लिहितो. तुमच्या शांतिसेनेची कामं वर्षाराणीने सांगितली: दोन्ही बाजूंच्या मध्ये उभं राहायचं, पाण्याला जाणाऱ्या बायकांची राखण करायची, आणि कुणी कुणाला मारलं ते खरं लिहून घ्यायचं. तिन्ही कामं इथे पडून आहेत. साहेबांना विचारून आठ-दहा माणसं पाठवून द्यावीत. राहायला टोळीची घरं रिकामी आहेत, भाकरी आम्ही घालू. गाडी ओढ्यातून येत नाही. त्यांना कागदावरच्या रस्त्याने येता येत असेल तर बघा.

वडिलांना आमचा नमस्कार कळवावा. (मी समक्ष केला होता, त्यांनी घेतला नाही.)

आपला आज्ञाधारक सासरा,
भगवानराव

ता. क. शांतिसेनेचं राहू द्या, ती काही येत नाही, एवढं मलाही कळतं. खरं सांगायचं ते वर लिहायचा धीर झाला नाही. साक्षीदार आहे. त्या दिवशी शाळेच्या ओट्यावर बायकांत वर्षाराणी बसली होती, तुमच्या आईशेजारी, तुमच्या लेकाला, सत्यमला, मांडीवर घेऊन. तिने सगळं पाहिलं. पहिली काठी त्या चौघांपैकी कुणाचीच नव्हती. कुणाची होती ते मी कसं लिहू? ती जबाब द्यायला तयार आहे, पण ठाण्यात पहिला प्रश्न तोच, "नवऱ्याला इचारलं का?" मी काही बोललो तर बापाने पढवलं म्हणतील. तुम्ही तिला एक ओळ पाठवा, जे पाहिलं ते सांग म्हणून. आमच्यासाठी तेवढा हस्तक्षेप पुरे.

ता. क. दुसरा. फोटो काढायच्या आत बीडहून निरोप आला. धुळाजी गेला. वर्षाराणीला कळवलं तर ती चुलीवरचा तवा उतरवून, पोराला कडेवर घेऊन सरळ ठाण्यात गेली. तिथे पुन्हा तेच विचारलं. ती म्हणाली, "माझा नवरा परमुलखातल्या बायांची राखण करतोय. त्याला इचारत बसायला आता येळ न्हाई. म्या पाह्यलंय, लिवा तुमी." त्यांनी लिहिलं. नाव घेऊन लिहिलं. तिथून ती टाकळीला गेली नाही, इकडे आली. दाराला आतून कडी आहे आणि दारापाशी मी बसलो आहे. तेव्हा वरची विनंती मागे घेतो. सुट्टी मिळाली की या. फाट्यावर एस.टी.तून उतरलात की डावीकडे टाकळी, उजवीकडे आम्ही. कुठे वळायचं ते तिकडूनच ठरवून या.