रुमालात बांधलेला कोयता

९ जानेवारी १९७२
पुण्याहून मासिकाचा अंक आला. माझी रहस्यकथा छापलीय, टोपणनावाने. फौजदाराने गोष्टी लिहिलेल्या खात्याला खपत नाहीत. वाचली आणि टाळकं सटकलं. पंचनामा अख्खा उडवलाय. त्या जागी माझा इन्स्पेक्टर खिशातून रुमाल काढतो, सुरा उचलतो आणि चालायला लागतो. ना पंच, ना लाखेचं सील. तरी आरोपी फासावर! सोबत संपादकाची चिठ्ठी: पंचनाम्यात वाचक झोपतो. सुमती म्हणाली, जाऊ द्या, छापलं तर खरं. बायकोशी काय वाद घालायचा.

१६ जाने.
संपादकाला लांबलचक पत्र. हत्याराला हात लावायचा नसतो. जागेवर माणूस बसवायचा, दोन पंच आणायचे, त्यांच्यादेखत उचलायचं. नाहीतर कोर्टात वकील म्हणणार, पोलिसांनीच आणून ठेवलं. उत्तर येणार नाही, माहीत आहे.

२ फेब्रु.
पिंपळदऱ्यात खून. रंगनाथ, तिशीच्या आतला. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून चुलतभाऊ सदाशी जुनी भांडणं. मानेवर कोयत्याचा घाव. सदाला धरला, कबूलही झाला. पण आमच्यापुढची कबुली, कोर्टात कवडीमोल. कोयता कालव्याकडेच्या उसात टाकला म्हणतो. उद्या पंचांसमोर त्याने काढून दिला की केस पक्की. दुसरा पुरावा नाही.
रंगनाथची आई, ठकूबाई, ठाण्याच्या ओट्यावर बसून आहे. रडत नाही. तेच बघवत नाही.

३ फेब्रु.
सत्यानाश. आम्ही निघायच्या आत गावचा पोलीस पाटील बाबूराव हजर. हातात गाठोडं. कोयता! पहाटे एकट्यानेच उसात शोधून काढला म्हणे. छाती फुगवून म्हणाला, "रुमालानंच उचलला, सायेब. ठसं जाऊ दिलं न्हाईत. मासिकात वाचलं हुतं."
कोणत्या मासिकात, ते विचारलं. विचारायला नको होतं.
नाही नाही त्या शिव्या घातल्या त्याला. खाली मान घालून ऐकत राहिला. भला माणूस. शिव्या नक्की कोणाला घालत होतो, कोण जाणे. आणि ठसे म्हणे! मुठीवर चिंध्या गुंडाळलेल्या, त्यावर कसले ठसे...

४ फेब्रु.
नगरहून साहेब आले. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, कोयता उसात परत ठेवा, सदाला पंचांबरोबर न्या, त्याने काढून दिला असा पंचनामा करा. पाटील तोंड उघडणार नाही. खोटं होईल, मी म्हणालो.
"खरं लिहा की. सदा सुटेल. त्या म्हातारीला मात्र तुम्ही सांगायचं." मग जाता जाता, "तुम्ही गोष्टी लिहिता, ठाऊक आहे मला. एक आमच्यासाठी लिहा."
सुमतीला सांगितलं. जेवण गेलं नाही दोघांनाही.

५ फेब्रु.
पंच आलेत. नेहमीचेच, समोरचा हॉटेलवाला आणि न्हावी. सही कशावर करायची, विचारतसुद्धा नाहीत. कोयता जीपमध्ये सीटखाली. सदाला बाहेर काढलाय. पंचनाम्याचा मजकूर डोक्यात तयार आहे, शेताच्या चतुःसीमेसकट. इतका बिनचूक आजवर लिहिला नव्हता. लाज वाटते.
ओट्यावरून ठकूबाई उठली. "कोयता घावला म्हनं, सायेब. आता सुटायचा न्हाई ना त्यो?"
नाही म्हणालो. आत येऊन हे लिहितोय. बाहेर जीप चालू करून ठेवलीय, ड्रायव्हर दोनदा बोलावून गेला.