पदकाच्या फितीवरचे तिरके पट्टे

पार्से, हरताळकेची संध्याकाळ

माटोळी बांधून झाली. गणपतीच्या पुढ्यात छताला टांगलेल्या लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचा घड, आंबाडे, चिबूड, आणि मधोमध दरवर्षीप्रमाणे दादाचं वायुसेना पदक. रानातल्या फळांत पदक कशाला, हे मी आईला कधी विचारलं नाही. दादा गेल्यानंतरच्या पहिल्या चतुर्थीला तिनेच ते टांगलं होतं.

आज मी ते नीट सुलटं टांगलं, ताऱ्याची बाजू समोर. आई म्हणाली, “उलटां कर ता. पट्टे खाली येतत.”

ते तिरके पट्टे. मी त्यांच्याबद्दल बरंच वाचलंय. ब्रिटिशांच्या वैमानिकांना मिळणाऱ्या क्रॉस-पदकाची फीत आधी आडव्या पट्ट्यांची होती, मग ती तिरकी केली. आपल्याकडे तिरकेपणा बहुधा तिथूनच आला. पण तिरकी का केली? समाधान होईल असं कुठे सापडलं नाही. आणि पट्टे चढतात की उतरतात, हे कोणी ठरवायचं? मला तर कधी हे वाटतं, कधी ते.

दादाचं हेलिकॉप्टर पुरातली माणसं उचलायला पुन्हा पुन्हा खाली उतरलं. शेवटचं उतरलं ते वर आलंच नाही. आईला पट्टे चढतेच का हवेत, एवढं तरी कळतं.

मी पदक फिरवलं. एकपदरी फीत, मागून पट्टे उलट दिशेला जातात. आईचं समाधान झालं. पण मला राहवेना. म्हटलं, “आई, आता गणपतीच्या बाजूने ते उतरताना दिसणार.”

ती वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, “त्येका बघूं दी.”