निंबाखालचा म्हसोबा

प्रिय माय,

गेल्या महिन्यात एका सकाळी मी नागपूरच्या संग्रहालयाच्या दारात चपला काढल्या आणि हात जोडून आत गेलो. पूजाचा परीक्षेचा पेपर दुपारी होता. ती म्हणाली, "बाबा, तोवर पाहून येऊ." लगेच पहारेकरी मागून आला, "काका, हे देऊळ नाही. चपला घाला." तुझी नात लाजली. "तुम्ही भी ना बाबा!" चपला घातल्या, पण जोडलेले हात काही सुटेनात.

तिथं जे पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. तुला जाऊन सहा वर्षं झाली, म्हणून लिहितो.

काय काय होतं माय! ज्वारीच्या दाण्याएवढ्या अक्षरांचे तांब्याचे पत्रे. माणूस आत बसेल एवढा रांजण. चित्रांच्या दालनात एक म्हातारी, तिच्या हातावरच्या शिरा अशा फुगलेल्या की मी बोट पुढं केलं आणि घाबरून मागं घेतलं. कुणी केलं असेल हे? कुठल्या गावचा असेल तो? जेवायचं भान राहत असेल का त्याला?

मग दगडी मूर्तींची खोली आली. कोपऱ्यात एक बाई बसलेली. डाव्या मांडीवर लेकरू, त्याच्या पाठीवर तिचा हात. शेजारी ती सापडली तेव्हाचा फोटो होता. त्यात बाई नव्हती. नुसता शेंदराचा गोळा, एक मोठा उंचवटा, एक लहान.

हुबेहूब आपल्या शेतातला म्हसोबा! लहान उंचवट्याला आपण तीन पिढ्या म्हसोबाचा गुडघा म्हणत आलो.

शेतात सावली एकच, म्हसोबावरच्या त्या निंबाची. बाईनं तिथं पाऊल टाकायचं नाही, म्हसोबाला चालत नाही. आम्ही गडीमाणसं निंबाखाली जेवायचो. तू आणि कापूस वेचणाऱ्या बाया शेताच्या कडेला धुऱ्यावर, पदर डोक्यावर ओढून उन्हात. नैवेद्याचे रोडगे तू भाजायचीस, आणि लांबूनच माझ्या हाती द्यायचीस. एकदा म्हणालीसही, "पाह्य ना, लेकरू मांडीवर घेतल्यावानी बसला हा देव." बाबा खेकसले, "तुले काय समजते वं देवातलं!" आणि मी हसलो. माय, मी हसलो! तूही पुन्हा कधी काऊन बोलली नाहीस? एवढं सहज गप्प बसायचं असतं का?

घरी आल्यावर शेतात गेलो. शेंदराची एक खपली सुटली होती, तिच्या खाली बोट घातलं. पाऊल लागलं. माझ्या बोटाच्या पेराएवढं, पाचही बोटं असलेलं. देवाला इतक्या जवळून मी कधी भेटलो नव्हतो.

तरी काही बदलायचा तीन आठवडे धीर झाला नाही. काकांना सांगितलं तर म्हणाले, "चालत आलेलं मोडू नको बे. काही झालं तर कोणाच्या माथी?" मी म्हटलं, "माह्या."

यापुढं त्या अंगावर शेंदराचा नवा थर चढणार नाही, हा शब्द देतो. नैवेद्य तुझी सून सुमनच दाखवेल, स्वतःच्या हातानं.

काल वेचणीला सात बाया होत्या. दुपारी धुऱ्यावर भाकरी सोडायला लागल्या, तशी मी हाक मारली, "इकडे या, सावलीत." कोणी हलेना. एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, ऊन लागलं का तुले?" सगळ्या हसल्या. मग सुमन उठली. डबा घेऊन सरळ निंबाखाली गेली, त्या मायलेकरासमोर बसली आणि म्हणाली, "या वं, लय गार आहे इथं." एकेक करून सातही जणी आल्या. मी माझी भाकर घेतली आणि धुऱ्यावर जाऊन बसलो.

तुझा,
भास्कर