तळ्यावरचा धूर

१२ नोव्हेंबर, बुधवार

सळी काढायची म्हणे! डॉक्टरांनी उभ्या उभ्याच सांगितलं. जखमेतला पू लॅबला दिला होता, त्यात जंतू वाढले. सप्टेंबरात पिरनवाडीजवळ स्कूटर घसरून माझ्या बायकोची, पूर्णिमेची, नडगी मोडली, आत सळी बसवली, बाहेरून टाके घातले — सगळं नीट झालं असं आम्ही धरून चाललो होतो. सळी काढली की हाड पुन्हा मोकळं, पुन्हा खाट. त्यात तिला साखरेचा आजार. "जंतू हटला नाही तर पाय वाचवणं कठीण," हे शेवटचं वाक्य डॉक्टर कन्नडात बोलले. पूर्णिमेला कळू नये म्हणून असावं. कंग्राळीची मुलगी ती, शाळेत शिकवते — तिला माझ्यापेक्षा चांगलं कन्नड येतं!

ते गेल्यावर म्हणाली, "तोंड असं का केलासा? पाय माझा हाय."

१३ नोव्हेंबर

निपाणीची एक बातमी पाठवायची होती. पाठवली. कशाची होती, आत्ता आठवत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लॅबमधून मंजुश्रीचा फोन — "अण्णा, जरा येऊन जावा." वडगावच्या विणकराची ही मुलगी, पूर्णिमेची विद्यार्थिनी. आता सूक्ष्मजीवशास्त्र शिकून याच हॉस्पिटलची लॅब सांभाळते.

दोन काचेच्या प्लेटी समोर ठेवल्या. चपट्या, झाकणाच्या, आत लालसर खरवसासारखा थर. एकीवर पूर्णिमेचा पू लावलेला. दुसरीवर काहीच नाही — ती पडताळ्यासाठी कोरीच ठेवायची असते. दोन्हींवर तेच राखाडी, कोरडे, सुरकुतलेले ठिपके!

"हिच्यावर कायबी घातलं न्हवतं, अण्णा. तरीबी उगवलंय."

माझ्यासमोरच तिनं डॉक्टरांना फोन लावला. "अनुमान इदे, सर." कन्नडात अनुमान म्हणजे शंका. पाठशाळेत गुरुजींनी मला घोकून घेतलं होतं की अनुमान हे प्रमाण आहे, ज्ञानाचं खात्रीचं साधन. एकच शब्द, आमच्या भागातल्या माणसांसारखाच — घरी एक बोलतो, कचेरीत दुसरं.

पण मंजुश्रीची कोरी प्लेट मला लगेच ओळखीची वाटली. डोंगरावर धूर दिसला तर तिथे आग आहे असं म्हणता येतं. कधी? तळ्यावर धूर दिसत नाही, हे आधी पाहिलेलं असेल तेव्हा. तळ्यावरही तसंच काही तरंगत असेल तर ते धुकं, आणि मग डोंगरावरचंही काय सांगावं! ही कोरी प्लेट म्हणजे ते तळं. त्यावर धूर आलाय. म्हणजे पहिला अहवाल बाद.

धावत वॉर्डात गेलो. म्हटलं, तुझ्या पायात काहीही नाही!

"हे मंजी म्हणाली, का तुमी?"

मी म्हटलं, तर्कशास्त्र म्हणतं.

"मग थांबा वाईच, मंजीला इचारते."

१५ नोव्हेंबर, शनिवार

प्लेटी बिघडल्या कशा, ते मंजुश्रीनं दाखवलं. प्लेटी धुवायच्या, कोरड्या करायच्या, वर्तमानपत्रात गुंडाळून ओव्हनमध्ये ठेवायच्या. एकशेसाठ अंशांची कोरडी उष्णता, दोन तास. वाफ इथे चालत नाही, काच ओली राहते. वाफेचा मान ऑटोक्लेव्हचा — तो आपल्या कुकरचा थोरला भाऊ — त्यात तो लालसर थर ज्याचा करतात ते खाद्य शिजतं. रक्त मागाहून, थंड झाल्यावर घालतात.

दिवाळीच्या सुट्टीआधी घाईत तिनं ओव्हन वरपर्यंत ठासून भरला. गरम हवेला फिरायला वाट नाही. बाहेरचा काटा एकशेसाठ दाखवत होता, मधल्या पुड्यांच्या पोटात मात्र तेवढं पोचलंच नाही. काही जंतू भोवती टणक कवच करून बसतात. कमी आचेत ते मरत नाहीत, पुढे खाद्य मिळालं की उठतात.

"काटा ओव्हनचं सांगतो, अण्णा. पुड्याच्या आतलं न्हाय सांगत." मग खाली बघून, "तो मीच भरला हुता."

गुंडाळलेले कागद आमच्याच दैनिकाचे. एकावर निपाणीची माझी बातमी, तांबूस भाजलेली. माझ्या लिखाणात एवढी धग कधी कुणाला दिसली नव्हती. मंजुश्री हसली नाही. मग मीही नाही.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. सोमवारीच पाय उघडायचा. नाहीतर अँटिबायोटिक थांबवायचं, अंगातलं औषध उतरू द्यायचं (ते असलं की खरा जंतूही प्लेटवर उगवत नाही), आणि नव्या प्लेटींवर नवा नमुना लावायचा. थांबण्यात धोका आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, थांबूया.

पूर्णिमेनं माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे, आणि मान डोलावली.

१७ नोव्हेंबर

औषध बंद.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ताप नाही. जखम तशीच. पूर्णिमा वर्गातल्या पोरांच्या वह्या मागवून तपासत बसलीय. एका पोरानं 'पाय'चं अनेकवचन 'पायी' लिहिलंय. "तुमच्या संस्कृतात काय म्हंत्यात?" मी द्विवचन सांगितलं — पादौ. दोघांसाठी वेगळं रूप! "लई चैन हाय की तुमची," म्हणाली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारपासून अंग कोमट. मी म्हटलं, हवा बदललीय.

"व्हय. नडगीतली."

नमुना घेतला. तो लॅबपर्यंत मी स्वतःच्या हातानं नेला नाही इतकंच, एरवी मी मंजुश्रीच्या मागेमागेच होतो. तिनं नव्या प्लेटी भाजून ठेवल्या होत्या — या वेळी ओव्हन अर्धा रिकामा, पुड्यांमध्ये बोटभर अंतर. मधोमध एका पट्टीवर तेच चिवट कवचवाले जंतू मुद्दाम ठेवले होते. ते मेले तर बाकीचे मेले. पट्टी खाद्यात टाकून पाहिली, काही उगवलं नाही. सगळे मेले. इतक्या मनापासून मी कुणाच्या मरणाची वाट पाहिली नव्हती.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ताप वाढला. नडगी लाल, चमकणारी, वर गुडघ्याकडे सरकतेय. डॉक्टरांनी औषध पुन्हा सुरू केलं. वह्या उशाशी तशाच.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज सकाळी दात घासताना कळलं. तोंडात फेस, आणि मी तसाच उभा.

तळ्यावर धुकं होतं, म्हणून डोंगरावरचा धूर पुरावा म्हणून बाद झाला. एवढंच. डोंगरावर आग नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही! हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही येतं. मंजुश्री म्हणाली होती — शंका आहे. मी ऐकलं — काही नाही. मधली उडी माझी. मला ती मारायची होती म्हणून मारली.

पूर्णिमा ग्लानीत आहे. तिला सांगितलं नाही.

संध्याकाळी मंजुश्रीनं बोलावलं. कोरी प्लेट कोरी. नितळ लाल, एक ठिपका नाही. क्षणभर आनंद झाला — खरंच झाला. मग तिनं दुसरी पुढे सरकवली. गोल, गुळगुळीत, सोनेरी ठिपके, ओळीनं.

"ह्यो खरा हाय, अण्णा."

तिचे डोळे भरले होते.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पहाटेच आत नेलं. सळीभोवतीचं हाड मेलेलं. जीव वाचवायचा तर दुसरा उपाय नाही, असं डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. या वेळी मराठीत.

गुडघ्याखालून गेला.

२५ नोव्हेंबर

पूर्णिमेला नीट जाग आली. चादरीखाली जिथे काही नाही तिथे बराच वेळ बघितलं. मग मला जवळ बोलावून म्हणाली, "थांबूया म्हणाला तुमी. पन मान मी डोलावली. निम्मं माझं हाय, एकटं घिऊन बसू नगा."