आत्याबाईंच्या पत्रांचं संपादन

५ जानेवारी, रविवार
आजपासून ही वही. हेतू: शांत राहणे. शाळेत मुलांना सांगते, राग आला की लिहून काढा. मला राग आलेला नाही. पण सवय असलेली बरी.
नवरा, भारत. शांतिसेनेत, दक्षिण सुदानला. त्यानं स्वतः नाव दिलं. मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. तेही मेथी निवडता निवडता. अकरा महिने झाले. ते मी केव्हाच विसरले.
आज त्याचा फोन आला. मी गच्चीवर होते. गच्चीवर काही काम नव्हतं.

८ जानेवारी
आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, फोनवरचं ऐकू येत नाही. नुसतं हाव हाव, म्हणजे हो हो, करतात. म्हणून त्यांचं पंधरा दिवसांनी एक पत्र जातं. त्या सांगतात, मी लिहिते.
आज माझ्याबद्दल म्हणाल्या, "लिव, भावना वाळून राह्यली. बराबर जेवत न्हाई. मोरीत नळ सोडून रडती. तिला वाटतं म्हातारी बहिरी."
मी लिहिलं: सप्रेम जयभीम. भावना मजेत आहे. शाळा आणि घर एकटीनं व्यवस्थित सांभाळते.
आत्याबाईंना वाचता येत नाही. मग त्यांनी सांगितलेलं त्यांना परत म्हणून दाखवलं. खूश झाल्या.
हे खोटं नव्हे. संपादन.

१२ जानेवारी, रविवार
फोन. शेजारची आकांक्षा, बारावीतली, फोन धरते आणि आत्याबाईंच्या कानात ओरडते. भारतला मला काहीतरी विचारायचंय म्हणे.
आता विचारायचंय.
निरोप दिला, पेपर तपासतेय. पेपर कालच तपासून झाले होते. पुन्हा तपासले. दोघांचे मार्क कमी केले. मग परत दिले.

१९ जानेवारी, रविवार
पुन्हा फोन. आकांक्षा धावत आली. "काकू, काका म्हणून राह्यले, दोनच मिनिटं." मी म्हटलं, सांग, त्यांना मला न विचारताही जमतं. तिनं काय सांगितलं कोण जाणे.
वरण करपलं. गॅस मोठा होता.
संकल्प: महिनाअखेर मुदत संपून तो आला की आठ दिवस कामापुरतं बोलणे. आठ कमी वाटतात. पंधरा.

२२ जानेवारी
आत्याबाई: "लिव, पोरगी एकटी पडली. काय विचारायचं ते घरी येऊन इचार. भीमजयंतीच्या आत ये."
मी: इकडची काळजी करू नये. तुझ्या कामात लक्ष दे.
मुद्दाम थंड लिहिलं. असं थंड पत्र वाचलं की माणूस घाबरतो आणि धावत येतो. मानसशास्त्र आहे. बी.एड.ला होतं.
वरची नोंद तपासली. त्याची मुदत फेब्रुवारीअखेर संपते. महिना चुकीचा लिहिला. चिडल्यामुळे नव्हे.

२ फेब्रुवारी, रविवार
फोन नाही. बरं झालं.

९ फेब्रुवारी, रविवार
फोन नाही. घरात छान शांतता. रेंज आहे का सात वेळा पाहिलं.

१३ फेब्रुवारी
पोस्टमन रामकिसनला बोलले. त्यानं लाइट बिल आणलं. बिलच का आणलं? तो म्हणाला, मॅडम, आलं ते दिलं. उद्धट माणूस.

१६ फेब्रुवारी, रविवार
तयारी. नवे पडदे. शेंगदाण्याची चटणी कुटली. मला आवडते म्हणून. साडी पिकोला टाकली. शाळेसाठी.
आत्याबाई म्हणाल्या, शाळंला एवढी भारी? मी पिकोची पावती पर्समध्ये टाकली.

२५ फेब्रुवारी
पत्र आलं. आत्याबाईंच्या नावानं, म्हणजे वाचायचं मीच. त्या ओट्यावर पाय पसरून बसल्या. मी वाचायला लागले.
"आई, मुदत सहा महिने वाढवता येईल असं साहेब म्हणाले. भावनाला विचारायचं होतं. मागच्या वेळी विचारलं नाही, चूक झाली. पण ती फोनवर आली नाही. मग तुझी दोन्ही पत्रं मिळाली. ती मजेत आहे, माझ्यावाचून तिचं काही अडत नाही. वाचून बरं वाटलं आणि नाहीही वाटलं. शेवटी हो म्हणालो."
इथं संपादन करता आलं असतं. तोंडातून दुसरं वाक्य आलंच नाही.
आत्याबाईंनी पाय जवळ घेतले. म्हणाल्या, "मी तं सांगितलं व्हतं, तू रडती म्हणून."
मी म्हटलं, हो.
"मंग तू काय लिवलं?"
शब्दाला शब्द सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर माझ्याकडे उत्तर होतं.

२ मार्च, रविवार
मीच फोन लावला. सुनावण्याचे आठ मुद्दे कागदावर काढले होते. चौथ्यांदा लागला. मी म्हणाले, "मला इथं एकटीला करमत नाही. ये." हा मुद्दा कागदावर नव्हता.
तिकडं नुसती खरखर. मला वाटलं, कट झाला.
मग म्हणाला, "सही झाली, भावना."
आता ऑगस्टअखेर.

५ मार्च
पत्राचा दिवस. मी पॅड आणि पेन घेऊन बसले. आत्याबाई माझ्यासमोरून उठून आकांक्षाकडे गेल्या. मागोमाग मीही गेले. म्हटलं, माझीपण एक ओळ घाला.
त्या म्हणाल्या, "सांग. ती लिवंल."
दोघी थांबल्या. आकांक्षा पेन टेकवून माझ्या तोंडाकडे बघत होती.
मी मनातल्या मनात ती ओळ तीनदा संपादित केली. शेवटी तिनं पेनाला टोपण लावलं.