गिरणी बंद असतानाचे फोन

आई,

गेलेल्या माणसाला पत्र लिहिणाऱ्यातली मी नव्हे. पण साताऱ्यात एक प्रदर्शन भरतंय, त्यात माझं चित्र लागणार आहे आणि चित्राखाली काय लिहायचं ते उद्या कळवायचंय. ते लिहायला बसले आणि तुझा इतका राग आला की म्हटलं, आधी हिलाच लिहू. तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नकोस.

चित्र कुठलं ते तुला माहीत आहे. आपल्या फोनचं. बंगळूरला मास्टर्सला गेल्यावर पहिल्याच सत्रात सांगितलं होतं, स्वतःच्या आयुष्यातली काहीतरी माहिती रोज टिपा आणि तिचं चित्र करा. कुणी झोप टिपली, कुणी चहा. मी तुझे फोन टिपले. काळा कागद, एका फोनची एक रेघ. जितकं बोललो तितकी रेघ लांब. मागे गिरणीचा आवाज असला की राखाडी, नसला की पांढरी.

आणि काय ओरडायचीस गं तू गिरणीतून! "बोल रूपे, मला ऐकू येतंय!" तुला येत असेल, माझा कान बधिर व्हायचा. अख्ख्या गावाचं दळण आपल्याकडं, पट्टा थांबवून लेकीशी बोलणं तुझ्या जिवावर यायचं. पहिलं वर्षभर माझा कागद राखाडीच राखाडी होता.

मला तिथं पाठवलंस तूच ना? साताऱ्याला सांख्यिकी घेऊन बी.एस्सी. झाले, तेव्हा आण्णांनी स्पर्धा परीक्षेचा क्लास ठरवूनच टाकला होता. फौजेतून आलेला माणूस, त्याला पोरगी साहेब झालेली बघायची होती. मी म्हटलं, मला डेटा व्हिज्युअलायझेशन शिकायचंय. तू विचारलंस, "म्हंजी काय करायचं गं?" मी म्हटलं, "आकड्यांची चित्रं काढायची. नुसतं बघून माणसाला कळलं पाहिजे, काय घडलंय ते." तू हाताचं पीठ झटकलंस आणि म्हणालीस, "आवं, मग जाऊ द्या की तिला. चित्रं बघून का हुईना, कुणाला तरी काय तरी कळंल!"

कळलं, आई. फार उशिरा कळलं.

दुसऱ्या वर्षी रेघा पांढऱ्या व्हायला लागल्या. मी विचारलं, गिरणी बंद आहे का? तू म्हणालीस, "तुझं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून बंद करती गं." केवढं भरून आलं होतं मला त्या दिवशी! मैत्रिणींना सांगत सुटले. मग रेघा आखूड होत गेल्या. दोन वाक्यं झाली की तुझं "ठेवू का? तुला अभ्यास आसंल" सुरू व्हायचं.

सर वर्गात म्हणाले, "बघा, गोंगाट सरत जातो आणि माया उरते." मी चित्राच्या कोपऱ्यात सूची लिहिली, म्हणजे कुठली रेघ कशाची ते सांगणारी चौकट. पांढरी रेघ: आई निवांत. आखूड रेघ: आईला माझ्या अभ्यासाची काळजी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुण्याची नोकरी मला याच चित्रावर मिळाली, ठाऊक आहे?

निवांत म्हणे! गिरणी बंद नव्हतीच. ती आण्णा चालवत होते आणि तू घरात उशीला टेकून बसली होतीस. वर्षानुवर्षांचं पीठ छातीत बसलं होतं, डॉक्टरांनी तुला गिरणीत पाऊल टाकू नको म्हणून बजावलं होतं. रेघ आखूड होती कारण तिसऱ्या वाक्याला तुला दम पुरत नव्हता. तुझं सगळं आजारपण माझ्या हाताने मी काळ्या कागदावर काढत होते, आणि तू मला त्याचा खोटा अर्थ सांगत होतीस.

त्या मिरजेचं तर मी कधीच विसरणार नाही. आण्णा चुकून बोलून गेले, मिरजेला आलोय. आपल्याकडं कुणी मिरजेला गेलं म्हटलं की पहिला प्रश्न असतो, कोण ॲडमिट आहे? तो मी विचारलासुद्धा! तू फोन घेतलास आणि म्हणालीस, मावशीच्या नणंदेच्या सुनेला मुलगी झाली, बघायला आलोय. मी वेडी! बंगळूरच्या बाजारात हिंडून गुलाबी लोकरीचं टोपरं घेतलं आणि घरी पाठवलं. तू त्यावरही म्हणालीस, "लय गोड दिसतंय बग लेकरू."

कुठलं लेकरू गं? तुझे दिवस झाल्यावर कपाट आवरताना ते टोपरं सापडलं, पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं. मावशी शेजारीच होती. "कुणासाठी घेतलंस हे?" म्हणाली. मला हसू आलं आणि मग थांबेना.

माझं शेवटचं सादरीकरण झालं आणि दुसऱ्या दिवशी आण्णांचा फोन आला, "मिरजेलाच उतर." मी पोचले तेव्हा तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. बोलणं बंद झालेलं. त्याच आठवड्यात तू गेलीस. एक धड वाक्य माझ्या वाट्याला आलं नाही.

मी आण्णांवर ओरडले. ते खाली मान घालून म्हणाले, "तिनं शपथ घातली हुती. म्हनाली, पोरगी सगळं टाकून यील, परत जायाची न्हाई." आलेच असते! वर्ष बुडालं असतं, बुडू दे की! आईपाशी बसायचं की चित्र काढायचं हे मी ठरवायचं होतं. माझ्या वतीने ठरवायला तुला कुणी सांगितलं? लोक म्हणतात, केवढा त्याग केला माउलीनं. त्या शब्दाची मला चीड आहे. तू मोकळी झालीस आणि मी जन्मभर या पदवीकडे बघून तोंड फिरवायचं?

आम्हाला शिकवलंय, माहिती नसेल तिथं जागा कोरी सोडा, मनाने भरू नका. तू कोरी तरी सोडायचीस, आई. "काही विचारू नको" म्हणायचीस. मी समजले असते.

परवा आण्णांना फोन करून सांगितलं, सूची बदलणार आहे. मागे गिरणी चालू होती. ते ओरडून म्हणाले, "घरातलं भितीवर कशाला टांगती? लोकं तुझ्या आईला खोटारडी म्हनतील." म्हणू देत. होतीसच. मग जरा खोकले आणि म्हणाले, "मी बरा हाय, माझी काळजी करू नगं."

मी त्यांना 'कसे आहात' असं विचारलंच नव्हतं, आई.

तेव्हा ऐक. चित्रातली एकही रेघ मी हलवणार नाही, फक्त सूची नवी लिहीन. राखाडी रेघ: आई गिरणीत. पांढरी रेघ: आईला गिरणीत जाता येत नाही. आखूड रेघ: आईला दम लागला. आणि खाली एक ओळ, 'चित्र काढताना मुलीला हे सांगितलं नव्हतं.' आण्णांना हाताला धरून साताऱ्याला नेईन आणि त्या चित्रापुढे उभं करीन.

पण साताऱ्याच्या आधी मिरज. पट्टा मी स्वतः काढून ठेवीन, त्यांना घेऊन जाईन, छातीचा फोटो काढायला लावीन. डॉक्टर बोलतील तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसणार नाही. तिथंच उभी राहून सगळं ऐकीन.

तुझी,
काहीच न सांगितलेली
रूपा