चौदा नंबरचा दिवा

३ जून, लातूर
माझ्या मैत्रिणीचा, देविकाचा फोन मी रागात कापला, तिथून सगळं बदललं. मला भेटायला ती लातूरहून नांदेडला निघाली होती. अहमदपूरच्या स्टँडवरून तीनदा फोन आला, तीनदा कापला. ती पोचलीच नाही. आठ महिने झाले, पत्ता नाही. मी नांदेडचं कॉलेज सोडलं. आज ती अभ्यासाला बसायची त्याच अभ्यासिकेत कॉम्प्युटर सांभाळायचं काम मिळालं. मालक केरबाकाका भला माणूस. म्हणाले, तुझं डोकं लई तापतंय म्हणं, इथं कूलर हाय. लई दिवसांनी हसलो.

५ जून
काकांनी शिकवलं. स्विच म्हणजे सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा डबा, त्यातून प्रत्येक टेबलाला एक वायर. टेबलावरचा कॉम्प्युटर चालू असला की स्विचवर त्याच्या नंबरचा हिरवा दिवा लागतो. स्विच फक्त आतल्या आत जोडतो. बाहेरच्या जगाशी जोडतो तो राऊटर. राऊटर बंद पडला तरी पोरं एकमेकांच्या स्क्रीनवर चिठ्ठ्या धाडतातच. चिठ्ठीवर टेबलाचा नंबर येतो.

९ जून
चौदाचा दिवा लुकलुकून राहिलाय. ते टेबल देविकाचं. त्यावरचा कॉम्प्युटर कधीच काढलाय. काका म्हणाले, स्विच जुना झालाय. नवा बसवला. चौदा लागलाच.

१२ जून
भर दुपारी चिठ्ठी आली, चौदावरून. ‘फोन का कापलास?’
शेजारच्या टेबलावरचा वीरेश हसला म्हणून त्याची कॉलर धरली. काकांनी सोडवलं. बाहेरून कुणी धाडत असेल म्हणून राऊटरची वायर उपटली. चिठ्ठी पुन्हा आली.
म्हणजे आतूनच.

१३ जून
चौदाची वायर हातानं चाचपत गेलो. भिंतीच्या कडेनं, मागच्या दाराखालून बाहेर. काका म्हणाले, ही मी ओढलेली न्हाई. असली वायर शंभर मीटरपुढं चालत न्हाई, असंही म्हणाले.
शंभर मीटर. म्हणजे एवढ्या अंतरातच कुठंतरी ती—

१४ जून
‘स्टँडवर उभी आहे. ये.’
स्टँड तिकडं अहमदपूरला, साठ-सत्तर किलोमीटर—
काकांनी पक्कड आणून दिली. म्हणाले, “तोड बाळा. जे असंल ते तिकडंच राहू दे.”
तोडली नाही. भीतीही वाटत नाही. काहीच वाटत नाही.

१४ जून, पुन्हा
पोरं घरी पाठवली. वायर हातात धरलीय. पलीकडून ओढ बसतेय, हळूहळू—
वही उंबऱ्याच्या आत ठेवतो. काकांनी मागं येऊ नये. दार ओढून घेतो अन् वायर धरून तिच्याकडं निघतो.